आकडा खाली येतोय

१ मार्च, संध्याकाळ

ब्लेंडर आला. दोन हॉर्सपॉवर. या घरात एवढी ताकद एका जागी पहिल्यांदाच आली आहे. हिने खोकं बघितलं आणि विचारलं, मिक्सरला काय धाड भरली होती? शांतपणे समजावलं. मिक्सर नुसता वाटतो, हा पेशी फोडतो. पानाच्या पेशीत कोंडलेलं सत्त्व मोकळं होतं. ही म्हणाली, फोडा काय फोडायचं ते, पण ओटा पुसून ठेवा.

सोबत पुस्तिका आहे. पन्नास दिवस, पन्नास हिरवे रस, सगळे कच्चे. उद्यापासून मी आणि अण्णा. हिला विचारलं नाही. विचारलं की ती विचार करत बसते.

ही डायरी कुणी वाचणार नाही, तरी शिस्त म्हणून पार्श्वभूमी लिहून ठेवतो. अण्णा, माझे वडील, वय अठ्ठ्याहत्तर. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. सप्टेंबरात त्यांच्या हृदयात धातूची झडप बसवली. खोलीत शांतता असली की तिची टिकटिक बाहेर ऐकू येते. ऑपरेशन दादाने केलं. म्हणजे केलं सर्जनने, पण घरात सगळे दादाने केलं असंच म्हणतात. परदेशातून आला, तीन दिवस राहिला, मोठ्या हॉस्पिटलात ओळख लावली आणि परत विमानात बसला. पुढचे सहा महिने अण्णांना अंघोळ घालणारा मी (रविवारी). फाइल घेऊन रांगेत बसणारा मी. त्याचं कुणाला काही नाही.

दादा वीस एप्रिलला येतोय. त्या दिवशी अण्णा तीन मजले आपल्या पायांनी उतरून गेटवर त्याला घ्यायला जातील. दादा विचारेल, हे कसं काय? मी काहीच बोलणार नाही. नुसतं हसणार.

२ मार्च, सकाळ ५:५०

उठलो. गजर साडेपाचचा होता, वीस मिनिटं मनाची तयारी. पालक एक जुडी, सेलरी, काकडी, हिरवं सफरचंद. बटण दाबलं. घरातून विमान चाललंय असं वाटलं. ही दारात येऊन काहीतरी बोलत होती, नुसतं तोंड हलताना दिसलं. मशीन थांबल्यावर खालच्या मजल्यावरचे रिटायर्ड मास्तर छताला काठी ठोकत होते ते ऐकू आलं.

चव ओल्या गवताची. म्हणजे शुद्ध.

अण्णांनी ग्लास उजेडात धरून बघितला, घड्याळाचं झाकण उघडून बघायचे तसा. मग घोट घोट पीत बसले. मी खाटेवर शेजारी बसून राहिलो, लक्ष ठेवायला. पंधरा मिनिटं लागली. नाक मुरडलं नाही, काही नाही. जातिवंत पेशंट.

४ मार्च

पानं पात्यांवर अडकून बसली. मशीन चालू असतानाच लाकडी चमचा आत घातला. चमचा बाहेर आला, टोक आलं नाही. गाळणार होतो, पण पुस्तिका म्हणते गाळू नका, फायबर जातो. आजच्या रसात फायबर भरपूर होता. तो मी प्यायलो. अण्णांना दुसरा करून दिला. दिवसभर दातांत काहीतरी टोचतंय.

६ मार्च, ऑफिस

फ्रेश वाटतंय. डुलकी लागली, पण फ्रेश डुलकी.

शेजारच्या टेबलावर नवीन बाई आल्यात. त्या प्रूफ चक्क समजून घेत वाचतात. आमचा प्रेस औषधांची खोकी छापतो आणि आत घडी घालून ठेवतात ती माहितीपत्रकं. बाईंना सांगितलं, अर्थात शिरलात की चूक निसटली म्हणून समजा. आपण अक्षर बघायचं. मी तर ओळ शेवटच्या शब्दापासून मागे वाचत जातो. चोवीस वर्षांत हजारो औषधं नजरेखालून गेली, पण कुठल्या औषधाने काय होतं ते मला ठाऊक नाही. यालाच अनुभव म्हणतात.

आज रक्त पातळ करणाऱ्या गोळीचं पत्रक होतं. अगदी बारीक टाइप, दोन्ही बाजू गच्च. एक जास्तीचा पूर्णविराम पकडला. बाकी निर्दोष. सही केली. खोक्याचा रंग बघितला तर अण्णा घेतात तीच गोळी. जग लहान आहे.

९ मार्च

अण्णांची रक्ततपासणी. त्या धातूच्या झडपेवर रक्त साकळू नये म्हणून ती गोळी रोज घ्यायची आणि रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा पंधरा दिवसांनी काढायचा, असा प्रकार आहे. मागच्या वेळी २.९ होता. आज २.४. एका आठवड्यात अर्ध्या अंकाने खाली! मशीन बोलतंय.

हिने फाइल उघडून दाखवली. डॉक्टरांनी पेनने लिहिलंय, अडीच ते साडेतीन. ही म्हणाली, खाली जाऊन कसं चालेल? आता काय सांगावं? शुगर खाली आली की टाळ्या. बीपी खाली आलं की टाळ्या. वजन खाली आलं की फोटो. आणि हाच एक आकडा खाली आला तर तोंड पाडून बसायचं? डॉक्टर लोक हद्द सैलच ठेवतात, आजारी माणसाला झेपावी म्हणून.

११ मार्च

हिची नवीन कुरकुर. डिस्चार्जच्या वेळी डॉक्टर म्हणाले होते म्हणे, पालेभाजी रोज सारखीच द्या, एकदम वाढवू नका. मी म्हटलं, ते शिजवलेल्या भाजीबद्दल. हा रस आहे. आणि रोज सारखाच तर देतोय, एक ग्लास. ही म्हणाली, तरी डॉक्टरांना विचारा. तिला शिवणाच्या दुकानातून सुट्टी मिळत नाही, म्हणून क्लिनिकला मीच जातो. सांगून टाकलं, विचारलंय, चालेल म्हणाले. पुढच्या वेळी विचारणार आहेच, त्यामुळे हे खोटं नाही, जरा लवकर आहे एवढंच.

१६ मार्च, ऑफिस, दुपार

रसाची बाटली ड्रॉवरमध्ये ठेवली होती. अकरा वाजता झाकण उडालं. खोकल्याच्या औषधाच्या खोक्याचं फायनल प्रूफ, साहेबांचा चष्मा, माझी बाही. साहेब म्हणाले, घरी प्या काय प्यायचं ते. सगळ्या हॉलसमोर पाणउतारा. आता हे लोक मला पालक म्हणतात. मोठी कामं करणाऱ्यांना आधी हसतातच.

१९ मार्च

एक निर्णय घेतला. माझं शरीर आता शुद्ध झालं आहे. पोटात सकाळपासून जे काही चालतं ते बघता, आणखी शुद्ध होण्यात मला धोका वाटतो. यापुढे मी चहा आणि बिस्किटं. खरी गरज अण्णांना आहे. माझ्या वाटचा पालकही त्यांच्याच ग्लासात घालायचा, म्हणजे जुडी वाया जाणार नाही. दोन जुड्या, मोठा ग्लास. अण्णांनी मोठा ग्लास बघितला, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाले, म्हणजे आता जास्त वेळ बसशील. म्हटलं, बसेन ना, संपेपर्यंत. आज पंचवीस मिनिटं बसलो. त्यांनी मला लहानपणीचं कुठल्या तरी भिंतीवरच्या घड्याळाचं सांगितलं. मी फोन बघत होतो, पण हुंकार देत होतो.

२३ मार्च

आकडा १.९. सुसाट!

डॉक्टरांच्या कपाळावर आठ्या. गोळीचा डोस वाढवला. त्यांचं पोट त्याच्यावर आहे, समजू शकतो. मग विचारलं, आहारात काही बदल? मी म्हटलं, काही नाही. आहार म्हणजे जेवण आणि जेवणात खरंच काही बदल नाही. हिने विचारायला सांगितलेलं तोंडाशी आलं होतं, पण बाहेर एवढी रांग, त्यांचा वेळ कशाला घ्यायचा? अण्णा खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होते. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागले. बाहेर आल्यावर म्हणाले, दोन मिनिटं मागे आहे.

२८ मार्च

झाकण नीट बसलं नव्हतं. छत हिरवं. ही स्टुलावर उभी राहून पुसत होती. मास्तर जिन्यात भेटले. म्हणाले, पहाटे सहाला तुमच्याकडे रस्ता खोदतात का? म्हटलं, वडिलांसाठी आहे. ते लगेच ओशाळले. हे उत्तर आधीच सुचायला हवं होतं.

२ एप्रिल

अण्णांना जिन्यावर सराव दिला. एक मजला खाली, एक वर. वर येताना तीनदा थांबले. एका पायरीवर बसले आणि उजव्या हाताची बोटं उघड-मीट करत राहिले. म्हणाले, मुंग्या आल्यात. हे चांगलं लक्षण आहे. रक्त नव्या वाटा शोधतंय. पुस्तिकेत असं थेट नाही, पण पान बारावर सूचित केलं आहे.

६ एप्रिल

आकडा १.५. डोस वाढवूनही! डॉक्टर वैतागले. फाइल आपटली. अण्णांना सरळ विचारलं, आजोबा, गोळ्या घेता की नाही? मी तोंड उघडणार एवढ्यात अण्णा म्हणाले, विसरतो मी. पुष्कळदा विसरतो. डॉक्टरांनी फाइलवर तसं लिहिलं आणि मला बजावलं, यांच्याकडे लक्ष द्या, हे जिवावरचं आहे. दर तीन दिवसांनी रक्त तपासायला सांगितलं.

कमाल आहे. रोज रात्री जेवण झाल्यावर माझ्यासमोर गोळी घेतात. पाण्याचा ग्लास मीच देतो. एक दिवस चुकलेला नाही. वय झालं, दुसरं काय? रिक्षात म्हटलं, अण्णा, असं का सांगितलंत? ते म्हणाले, तुझ्यावर कशाला ओरडून घ्यायचं, धाकट्या? काय बोलतात त्याचा ताळमेळ नाही. ब्राह्मी मिळाली तर रसात घालून बघतो.

१० एप्रिल

तपासणीला गेलो नाही. ऑफिसात घाई होती आणि वीस तारखेनंतर एकदम केली की आकडा आणखी छान दिसेल. हिला सांगितलं, केली, ठीक आहे.

ही म्हणाली, अण्णा पहाटे पाचपासून जागे असतात आणि विचारत राहतात, धाकटा उठला का? रसाची किती गोडी लागली आहे बघ म्हटलं.

१४ एप्रिल, सकाळ ६:१०

आज सगळ्यावर पाणी. अण्णांनी मोठा ग्लास हातातून सोडला. चादर, उशी, गादी, सगळं हिरवंगार. म्हटलं, नीट धरा ना. काहीतरी पुटपुटले, तोंडात घास असल्यासारखे. सहा दिवसांवर दादा आला आणि हातात पकड नाही! पोटॅशियम कमी पडतंय. उद्यापासून केळं. चादर भिजत घातली. गादीला मीठ चोळून वीस मिनिटं ठेवायचं असतं, ते करतोय. अण्णांना खुर्चीत बसवलंय. उजवीकडे कलतात.

ही उठली. हाका मारतेय. येतो म्हटलं.

१४ एप्रिल, दुपार ३, हॉस्पिटल

हिने बघताक्षणी ओळखलं. तोंड एका बाजूला गेलं होतं. अँब्युलन्स तिने बोलावली. मास्तर आणि तिने मिळून स्ट्रेचरला वाट करून दिली. माझ्या हातात मिठाची बरणी होती.

झडपेवर गुठळी झाली. तिथून मेंदूत गेली. रक्त पातळ राहिलं नव्हतं. आकडा १.२. इथले डॉक्टर म्हणाले, एवढा खाली कसा येऊ दिला?

उजवी बाजू हलत नाही. बोलता येत नाही.

१४ एप्रिल, संध्याकाळ

कॉरिडॉरमध्ये हिने एकच विचारलं. तुम्ही डॉक्टरांना विचारलं होतंत ना? मी म्हटलं, आत्ता ही वेळ आहे का? तिने मान हलवली आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

१५ एप्रिल

इथल्या डॉक्टरांना सांगायचं ठरवलं होतं. सकाळी राउंडला सहा जण होते. एवढ्या लोकांत बरं दिसत नाही.

१६ एप्रिल

दादा आला. चार दिवस आधी. गेटवर घ्यायला मी गेलो. त्याने क्लिनिकची फाइल मागितली आणि उभ्या उभ्या वाचली. त्यात स्वच्छ लिहिलेलं आहे, पेशंट गोळ्या विसरतो. दादा रडला. मग खाटेजवळ जाऊन अण्णांना बोलला, इतकं सगळं केलं आणि एक गोळी लक्षात राहू नये तुमच्या? अण्णांनी ऐकून घेतलं. डोळे माझ्याकडे वळवले. त्यात राग असता तर बरं झालं असतं.

मी पाणी आणायला बाहेर गेलो.

१७ एप्रिल

दादाला सांगायचं. तो जेवत होता.

१८ एप्रिल

दादाला सांगायचं. तो दमला होता. दुपारी बाजारातून वारांचे कप्पे असलेला गोळ्यांचा डबा घेऊन आला, सोमवार, मंगळवार, मोठ्या अक्षरांत. म्हणाला, हे आधीच घ्यायला हवं होतं, माझी चूक. दादाच्या तोंडून असं वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मी म्हटलं, जाऊ दे.

२० एप्रिल

आज वीस. अण्णांना घरी आणलं. तीन मजले, खुर्चीवर, चार माणसांनी उचलून. मास्तर पुढे होऊन दारं धरत होते.

सोडताना नर्सने सांगितलं, गिळताना ठसका लागतो, तेव्हा घट्ट काही नाही आणि पाण्यासारखं पातळही नाही. शिजवून अगदी एकजीव करून द्या, एक कण राहता कामा नये, नाहीतर श्वासनलिकेत जाईल. घरातला साधा मिक्सर पुरणार नाही, काही चांगलं मशीन आहे का? दादाने माझ्याकडे बघितलं. हिने बघितलं नाही.

२४ एप्रिल

दादाला विमानतळावर सोडलं. टॅक्सीत सांगणार होतो. ड्रायव्हर ऐकत होता.

२७ एप्रिल, ऑफिस

दोन आठवड्यांनी आलो. कुणी पालक म्हणालं नाही. नवीन बाईंनी चहा आणून दिला.

जुन्या प्रूफांच्या कपाटातून सहा मार्चची फाइल काढली. ते पत्रक घेऊन बसलो आणि पहिल्या शब्दापासून शेवटापर्यंत सरळ वाचलं. मागच्या बाजूला, चौथा परिच्छेद. हे औषध चालू असताना पालक व इतर हिरव्या पालेभाज्यांचे प्रमाण अचानक वाढवू नये, औषधाचा परिणाम कमी होऊन रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. आहारातील प्रत्येक बदल डॉक्टरांना सांगावा.

एकही चूक नाही. खाली माझी सही.

२८ एप्रिल

हिला सांगितलं. ती भाजी चिरत होती, चिरत राहिली. म्हणाली, मला चौदा तारखेलाच कळलं होतं. मग म्हणाली, अण्णांना आधीपासून ठाऊक होतं. मार्चमध्ये तिने त्यांना एकदा म्हटलं होतं की नको असेल तर मी ओतून देते, यांना कळणार नाही. अण्णा म्हणाले होते, राहू दे, तेवढाच माझ्याजवळ बसतो.

डॉक्टरांनी पालेभाजीचं सांगितलं तेव्हा खाटेवर तेच तर होते. घड्याळजी माणूस, सांगितलेलं विसरत नाही. मी हे आधी का लिहिलं नाही? सहा महिने मी ज्या रांगांत बसलो त्यांचा हिशेब लिहिला, हे नाही लिहिलं.

२ मे, सकाळ ८

दुधी आणि गाजर शिजवून ब्लेंडरमध्ये तीन मिनिटं फिरवलं. चमच्याने तपासलं. बोटाने तपासलं. एक कण नाही. रोज चार वेळा चालतो आता. मास्तर काठी ठोकत नाहीत. अण्णांनी अर्धी वाटी घेतली, ठसका लागला नाही. मी उठायला लागलो तर डाव्या हाताने गादी थोपटली. बसलो. फोन आत ठेवून आलो होतो. त्यांना काही सांगता येत नाही आणि मला काही सांगायला नाही, म्हणून दोघांनी टिकटिक ऐकली.

दादाचा फोन आला. काय खातायत, कसं देतोस, सगळं विचारलं. मग म्हणाला की तुझं कौतुक कधी बोलून दाखवलं नाही, पण तू होतास म्हणून अण्णा आहेत. आणि ते मशीन घेऊन ठेवलंस हे फार बरं केलंस.

मी हो म्हणालो.